खाडीपाशी थांबणारा रस्ता

“रात्रीची तर नसते पण.”

एवढंच ती बाई बोलली, आणि तेही कुणाकडे न बघता. धोपाव्याहून सुटलेली फेरीबोट, इथल्या बोलीतली ‘तर’, वाशिष्ठीच्या मधोमध आली होती. ऊन पाण्यावर नुकतं पसरायला लागलं होतं, दाभोळच्या अंगाला माडांच्या शेंड्यांवर धुक्याचा पट्टा अजून रेंगाळत होता. पुढच्या मोटारीतून उतरलेले एक गृहस्थ मोबाइल उंच धरून चित्रण करत होते आणि घरच्यांना सांगत होते, “इथं पूल होता कामा नये. पूल झाला की संपलं सगळं.” त्यांच्या आवाजात या जागेबद्दलचं खरंखुरं प्रेम होतं. माझ्याही मनात तेच होतं. माझ्या मोटरसायकलच्या पलीकडे कठड्याला टेकून ती बाई उभी होती. साठीच्या पुढची, नाकात मोरणी, काखेत एक्स-रेचं मोठं पाकीट, पायाशी कापडी पिशवी आणि तिचा पदर धरून आठ-नऊ वर्षांचा नातू. गृहस्थांचं वाक्य संपलं आणि ती पाण्याकडे बघत म्हणाली, “रात्रीची तर नसते पण.” गृहस्थांना ते ऐकूच गेलं नाही. इंजिनाची घरघर, वारा आणि मधूनच ओरडणारे कुरव पक्षी यात ते वाक्य वाहून गेलं. दाभोळ आलं, लोखंडी रॅम्प धक्क्यावर दाणकन आदळला, बाई नातवाला पुढे घालून उतरली आणि दापोलीच्या वडापमध्ये बसून गेलीसुद्धा. ते वाक्य मात्र दिवसभर माझ्या मागच्या सीटवर बसून होतं.

थंडी सरता सरता, आंब्याला मोहोर धरला की, मला एक दिवस एकटीनं गाडी काढायची ओढ लागते. घरी आता कुणी विचारत नाही. भाऊ फक्त हवा आणि चेन बघून देतो, वहिनी डब्यात पोळीभाजी भरून देते. यंदा ठरवलं होतं की चिपळूणहून निघायचं, धोपाव्याला खाडी ओलांडायची, समुद्राचं बोट न सोडता कोळथरे, मुरूड, हर्णै, आंजर्ले, केळशी करत बाणकोटपर्यंत जायचं आणि मंडणगड, खेडवरून रात्री घरी यायचं. म्हणायला हा सागरी महामार्ग. रेवसपासून रेडीपर्यंत किनाऱ्यानं एकच रस्ता न्यायचा, हे स्वप्न बॅरिस्टर अंतुल्यांचं. १९८० ते ८२ या काळात ते मुख्यमंत्री होते. त्यांचं आंबेत गाव सावित्रीच्या काठावर, त्यामुळे खाडीकाठच्या माणसाचं अडून राहणं त्यांना कुणी शिकवायला नको होतं. चाळीस वर्षं उलटून गेली. रस्ता आहे, पण तो दर थोड्या वेळानं पाण्यापाशी येऊन थांबतो. मग बोट, नाहीतर वळसा.

एकटीनं गाडी चालवताना काय होतं ते सांगणं अवघड आहे. गप्पा नसतात, गाणी नसतात. हळूहळू अंगच ऐकायला लागतं. मार्गताम्हाण्याच्या अलीकडे एका खोलगट वळणावर गार हवेचा असा लोट आला की गुडघे आखडले. चढ चढून सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, आले तर तिथं ऊन आणि वाळल्या गवताचा भाजका वास. सड्यावरचं गवत या दिवसांत पिवळंधमक होऊन एका दिशेला झोपलेलं असतं, मधून काळा-तांबडा जांभा वर आलेला असतो. कुठं चिरेखाण असली की कापलेल्या चिऱ्यांची लाल भुकटी रस्त्यावर पसरलेली असते आणि चाक किंचित सरकतं. मोहोराचा वास तर टप्प्याटप्प्यानं येतो. एका कलमांच्या बागेपाशी भपकन नाकात शिरतो, पुढच्या वळणावर नाहीसा होतो, परत येतो. मोटारीत काच वर करून बसलेल्या माणसाला कोकण दिसतं. दुचाकीवरच्याला ते सोसावं लागतं आणि म्हणूनच मिळतं, असं माझं ठाम मत आहे.

शृंगारतळी मागे टाकून मी गुहागरचा रस्ता सोडला आणि धोपाव्याकडे वळले. डाव्या हाताला वीजप्रकल्पाच्या चिमण्या दिसतात. एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या त्या प्रकल्पाला सगळ्या जगानं दाभोळचा प्रकल्प म्हटलं. तो उभा राहिला मात्र खाडीच्या या तीरावर, अंजनवेल-वेलदूरकडे. २००१ साली तो बंद पडला तेव्हा आमच्या भागातल्या कितीतरी घरांतली कमाई एकदम थांबली, आणि पुढे तो वेगळ्या नावानं पुन्हा उभा राहिला. त्या काळात मोर्चे पाहिलेली माणसं आता म्हातारी झाली. चिमण्यांकडे बघितलं की मला ती आठवतात. पण तो विषय वेगळा, तिथं मी थांबले नाही.

वाशिष्ठी मला नवी नाही. मी तिच्याच काठावर वाढले. आमच्या चिपळुणात ती उन्हाळ्यातही वाहती असते, कारण कोयनेचं पाणी पोफळीला वीज करून झालं की तिच्यात उतरतं. सह्याद्रीच्या पलीकडे कृष्णेला जायचं ते पाणी आमच्या दारावरून अरबी समुद्राला जातं. गोवळकोटपाशी तिला खारट चव येते, मगरी दिसायला लागतात, आणि मग ती रुंद रुंद होत दाभोळला समुद्राला मिळते. माझी आजी कोळथऱ्याची. लग्न होऊन ती चिपळुणात आली ती याच पाण्यावरून, दाभोळहून गोवळकोटपर्यंत होडीनं, भरतीच्या पाण्याबरोबर. भरती लागेपर्यंत वऱ्हाड धक्क्यावर बसून राहिलं होतं. ती सांगायची, “अगं, तेव्हा घड्याळ कुणाकडे होतं? पाणी चढलं की निघायचं आणि पाणी उतरलं की थांबायचं.” मुंबईची बोट दाभोळच्या बाहेर खोल पाण्यात उभी राहायची, माणसं पडावातून तिच्यापर्यंत जायची, आणि चढताना सामानाआधी पोरं वर फेकली जायची, हे सांगताना तिचे हात आपोआप वर जायचे. पावसाळ्याचे चार महिने बोट बंद. मग मुंबईत असलेल्या नवऱ्याची ख्यालीखुशाली कळायलाही पत्राची वाट. माझ्या डोळ्यांपुढे या गोष्टीतलं चांदणं आणि होडीच उभी राहायची. आजीची दोन भावंडं तापानं गेली, ती दोन्ही पावसाळ्यात, हे ती त्याच सुरात, त्याच गोष्टीत सांगायची. ते वाक्य लहानपणी माझ्या कानांवरून निघून जायचं.

दाभोळच्या किनाऱ्यालगत, माडांच्या सावलीत, जुनी शाही मशीद आहे. आदिलशाहीतली. दगड इतका रेखीव की समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यानं तीनशेहून अधिक वर्षं घासूनही कंगोरे टिकून आहेत. हे बंदर एके काळी असं होतं की पोर्तुगीजांचा व्हाइसरॉय आल्मेइदा १५०८ च्या डिसेंबरात इथं चालून आला आणि त्यानं गाव जाळलं. आता मशिदीसमोर जाळी सुकत घातलेली असतात. गावाबाहेर चंडिकादेवीचं देऊळ आहे, कातळाच्या पोटात. आत विजेचा दिवा नाही, फक्त तेलाच्या ज्योती. वाकून आत शिरले, हात भिंतीवर ठेवला तर कातळ ओलसर, गार. डोळे सरावेपर्यंत काही दिसेना. मग आधी ज्योत, मग शेंदूर, मग देवीचे डोळे. बाहेर आल्यावर उन्हानं काही क्षण आंधळी झाले आणि हेल्मेट कुठल्या आरशाला अडकवलं होतं ते चाचपडून शोधलं.

पंचनदी, कोळथरे, बुरोंडी. इथला रस्ता समुद्राशी लपंडाव खेळतो. चढावर गेलं की क्षितिजापर्यंत निळं, उतारावर माड-पोफळींत बुडून काहीच नाही, फक्त डाव्या कानात लाटांचा आवाज. कोळथऱ्यात आजीचं घर होतं तिथं आता दुसऱ्या कुणाचं घर आहे, मी गाडी न थांबवता पुढे गेले. लाडघर, कर्दे, आणि मग मुरूड.

मुरूड म्हटलं की सगळ्यांना किनारा आठवतो. मला धोंडो केशव कर्वे आठवतात, आणि तेही महर्षी झालेले नव्हे तर सतरा वर्षांचे. १८७५ साली त्यांना सहाव्या इयत्तेची सरकारी परीक्षा द्यायची होती. पावसाळी दिवस, बोटीचं जमेना. तेव्हा ते सोबत्यांबरोबर मुरूडहून साताऱ्याला चालत निघाले. खाड्या, नद्या ओलांडत, कुंभार्लीचा घाट चढून, शंभराहून अधिक मैल. पोहोचल्यावर परीक्षकांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि वयानं लहान दिसतोस म्हणून परीक्षेला बसू दिलं नाही. शाळेत ही गोष्ट आम्हाला जिद्दीची म्हणून शिकवली. ती आहेच जिद्दीची. पण दुर्गादेवीच्या देवळापाशी सावलीला बसून वहिनीनं दिलेली पोळी खाताना मला त्या गोष्टीतला रस्ता दिसत होता. किंवा नसलेला रस्ता. एका हुशार पोराला नुसतं परीक्षेच्या दारापर्यंत पोहोचायला एवढं चालावं लागलं. जे चालून गेले त्यांची चरित्रं झाली. जे घरीच राहिले असतील, पाऊस बघत बसले असतील, त्यांच्याबद्दल कुणी काय लिहिणार?

त्या बाईचं वाक्य तिथं पहिल्यांदा नीट ऐकू आलं.

हर्णैला पोहोचले तेव्हा सकाळचा लिलाव संपत आला होता. इथं मोठ्या बोटी किनाऱ्याला लागत नाहीत, पाणी उथळ. त्या आत उभ्या राहतात, मासळी छोट्या होड्यांतून काठाकडे येते आणि काठावरच्या पाण्यात बैलगाड्या उतरलेल्या असतात. मी बराच वेळ एकाच गाडीकडे बघत राहिले. बैल पोटापर्यंत पाण्यात. लाट आली की मान उचलायचे, ओसरली की खाली. गाडीवान जू धरून कमरेइतक्या पाण्यात, तोंडानं चकचक करत त्यांना स्थिर ठेवत होता. होडीतून टोपल्या आल्या, कोळंबी, म्हाकूळ, वर बर्फाचा चुरा. टोपली गाडीत पडली की बर्फाळ पाण्याची धार फळ्यांच्या फटीतून खाली गळायची. गाडी भरली, त्यानं शेपटी पिळली नाही की चाबूक उगारला नाही, नुसतं “हं” म्हणाला आणि बैल वळले. चाकं वाळूत रुतली, क्षणभर सगळं थांबलं, मग दोन्ही बैलांनी एकदम खांदा लावला आणि गाडी पाणी निथळत वर आली. मागं समुद्रात सुवर्णदुर्ग. कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचा हा किल्ला, १७५५ साली पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून तो आंग्र्यांकडून घेतला. आपल्याच आरमाराविरुद्ध परक्यांना बोलावून आणल्याची ती गोष्ट मला कधीही शांतपणे वाचता आलेली नाही. एका मावशीनं हाक मारली, “काय हवंय बाय? ताजा आहे बघ बांगडा.” दिवसभर उन्हात मासळी कुठं ठेवणार, म्हणून नको म्हटलं. “येकटीच आलाव?” तिनं विचारलं. हो म्हटल्यावर तिनं माझ्या गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि शेजारणीला म्हणाली, “बघ गो, मी म्हणत नव्हते? माझ्या पोरीला पण शिकवणार.”

आंजर्ल्याच्या खाडीवर पूल आहे. जोग नदीवरचा. पूर्वी इथंही तर होती, होडीत बसून पलीकडे जावं लागायचं आणि मग कड्यावरच्या गणपतीची पाखाडी चढायची. लहानपणी आम्ही तसे गेलो होतो. ओल्या फळीवर बसल्यावर फ्रॉकला लागलेला डांबराचा डाग मला आठवतो. आता पुलावरून गाडी नेली आणि पाणी बघून होईपर्यंत पूल संपला. हरवलं का काही? हो, हरवलं. पण पुलाच्या टोकाशी शाळा सुटलेल्या मुली सायकलीवरून हर्णैच्या बाजूला निघाल्या होत्या, दप्तरं पाठीवर, हसत, एकमेकींना कट मारत. त्यांच्यातल्या एकीला जरी मी म्हटलं असतं की पूल नव्हता तेव्हा फार सुंदर होतं हो, तर तिनं माझ्याकडे कसं बघितलं असतं?

मग गावात शिरले आणि दुसरी बाजू दिसली. आंजर्ल्याची वाट म्हणजे दोन गडग्यांमधली चिंचोळी गल्ली. दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, त्यांच्यावर शेवाळ, आत पोफळी, मिरीचे वेल, विहिरीवरचा पंप, अंगणात वाळत घातलेली सुपारी. गाडीचा आवाज गडग्यांवर आपटून परत येतो म्हणून आपोआप वेग कमी होतो. समोरून एसटी आली तर एकानं मागं सरायचं, ही इथली रीत. एसटीचा ड्रायव्हर मान बाहेर काढून सरपंचांना निरोप देतो आणि मागचे सगळे थांबतात. आता सागरी महामार्गाचे नवे आराखडे निघाले आहेत, खाड्यांवर पूल आणि त्याबरोबर रुंद रस्ता. माझं म्हणणं असं की पूल लवकरात लवकर हवेत, अगदी सगळ्या खाड्यांवर हवेत. पण रुंद रस्ता या गावांच्या पोटातून नेला तर तो आगरं, म्हणजे माड-पोफळींच्या बागा, खाणार, गडगे पाडणार, ओट्यावर बसलेल्या आजीच्या पायाशी ट्रक आणणार. रस्त्याला रुंदी हवी असेल तर ती वर सड्यावरून न्या. खाली गावात रस्ता एवढाच असू द्या. लोक या दोन गोष्टींची गाठ मारतात. पूल हवा म्हटलं की विकासवाले आणि आगर वाचवा म्हटलं की विरोधक. ज्यांचं आगर आहे त्यांनाच रात्री दवाखाना गाठायचा असतो, ही साधी गोष्ट कुणी लक्षात घेत नाही.

पाडले, आडे. इथं रस्ता अगदी पुळणीला लागून जातो, मध्ये सुरूची एखादी ओळ. खारा वारा हेल्मेटच्या काचेवर थर धरतो, जीभ ओठांवरून फिरवली तर मीठ. समोर ना गाडी ना माणूस. या पट्ट्यात मी गाडी इतकी हळू चालवली की इंजिनाच्या आवाजातूनही लाट मोजता यावी. डोक्यात काही नव्हतं. ते वाक्यही नव्हतं. असा अर्धा-पाऊण तास मिळावा म्हणून तर मी वर्षभर वाट बघते.

केळशी या रस्त्यावरचं माझं सर्वांत आवडतं गाव. महालक्ष्मीचं देऊळ, उंच जोत्यांची घरं आणि समुद्राकडेला वाळूची ती प्रचंड टेकडी. डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी तिथं उत्खनन केलं आणि जुन्या काळी आलेल्या त्सुनामीनं ही वाळू आणून टाकली असावी, असं मत मांडलं. टेकडीच्या कापलेल्या अंगात वाळूचे थर दिसतात, मधे शिंपल्यांचे, खापराचे तुकडे. गावानं अलीकडेही समुद्राचा राग पाहिला आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आलं आणि इथल्या आगरांतून गेलं. आज ज्या पोफळी दिसतात त्यांतल्या कितीतरी मांडीएवढ्या उंचीच्या आहेत. नव्यानं लावलेल्या. पोफळ फळाला यायला पाच-सात वर्षं जातात, माडाचंही तेच. म्हाताऱ्या माणसांनी वादळानंतर पुन्हा खड्डे खणून रोपं लावली. एका आगरात एक आजोबा झारीनं पाणी घालत होते, मी थांबून बघत होते तर म्हणाले, “या की आत, पाणी प्या.” तांब्यातलं पाणी गोड होतं. वादळात घराचं छप्पर उडालं तेव्हा कितीतरी दिवस गावात वीज नव्हती, फोन नव्हता. “रस्ता एकच, तोही झाडांनी अडलेला,” ते म्हणाले, “आणि या अंगाला खाडी.” त्यांनी बोट दाखवलं. भारजा नदीची खाडी. पलीकडे साखरी गाव हाकेच्या अंतरावर. तिथं जायला मात्र मांदिवलीपर्यंत आत जाऊन, पूल ओलांडून, परत बाहेर यायचं.

तो वळसा घालताना माझ्या मनात आमचं चिपळूण होतं. २२ जुलै २०२१. रात्रीतून पाणी चढलं, बाजारपेठ बुडाली, माणसं माळ्यावर आणि छपरांवर. बहादूरशेख नाक्याजवळ वाशिष्ठीवरच्या जुन्या पुलाचा भाग वाहून गेला. पाणी ओसरल्यावर चिखल काढताना जे कळलं ते असं, की मदत खेडच्या बाजूला येऊन थांबली आहे आणि नदीच्या अलीकडे आपण. त्या वेळी भावाच्या मुलाला ताप होता. औषध पलीकडे होतं. भावानं नाक्यापर्यंत जाऊन तुटलेल्या पुलाकडे बघितलं आणि परत आला, तो चेहरा मी विसरलेले नाही. पोरगं बरं झालं, पण ते औषधानं नव्हे, आपसूक. या फेरीच्या शेवटी, रात्री परशुराम घाट उतरून, मी वाशिष्ठीच्याच नव्या पुलावरून घरी परतले. पुढे ट्रक, मागे ट्रक, पाणी दिसलंसुद्धा नाही, पूल कधी आला आणि कधी गेला कळलं नाही. आम्हाला ती सोय इतकी अंगवळणी पडली आहे. धोपाव्याच्या त्या बाईची नदी आणि माझी नदी एकच. माझ्या टोकाला रात्री ती ओलांडता येते, तिच्या टोकाला नाही. मी दाभोळला खाडी बघून सुखावले ते खोटं नव्हतं. पुढेही सुखावेन. पण ते सुख परत जायला पूल असणाऱ्या माणसाचं आहे, एवढं मला आता कळतं आणि ते विसरायची माझी इच्छा नाही.

वेळासला कासवांची घरटी राखणारी मंडळी भेटली. आमच्या चिपळूणच्याच सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं २००२ साली हे काम सुरू केलं आणि गावानं ते आपलं मानलं. जाळीच्या कुंपणात वाळू, वाळूखाली अंडी, बाहेर तारीख लिहिलेल्या पाट्या. पिल्लं बघायला अजून वेळ होता. नाना फडणवीसांचं हे गाव, पण आता लोक कासवांसाठी येतात आणि घराघरांत जेवायला थांबतात, हे फार चांगलं झालं.

आणि मग बाणकोट. किल्ल्यावरून सावित्रीचं मुख दिसतं, पलीकडे हरिहरेश्वरचा डोंगर, बागमांडल्याचा धक्का. इंग्रजांना १७५५-५६ मध्ये हा किल्ला मिळाला, त्यांनी त्याला फोर्ट व्हिक्टोरिया नाव दिलं. आणि खाली पाण्यात अर्धवट पुलाचे खांब. वर्षानुवर्षं उभे आहेत. त्यांच्यावर पाणकावळे पंख वाळवत बसतात. हीच सावित्री वर महाडला महामार्ग ओलांडते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तिथला ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला, दोन एसट्या आणि आणखी वाहनं माणसांसकट वाहून गेली. त्या दुःखानंतर नवा पूल वर्षाच्या आत बांधून खुला झाला. म्हणजे ठरवलं तर होतं. महामार्गावरून जाणाऱ्यांसाठी ठरवलं गेलं आणि मुखाशी राहणाऱ्यांसाठी नाही, हे त्या खांबांकडे बघताना मला फार लागलं. नदी एकच, सरकार एकच, माणसंही तीच.

वेश्वीच्या धक्क्यावर चहाची टपरी आहे. बोट नुकतीच सुटली होती, त्यामुळे मालकांना वेळ होता. आलं ठेचून घातलेला चहा त्यांनी काचेच्या ग्लासात दिला. मी विचारलं, “काका, पूल झाला तर तुमची टपरी कशी चालेल? इथं थांबायला कोण येणार?”

“नाही येणार कोण,” ते म्हणाले. स्टोव्हची पिन मारता मारता त्यांनी पलीकडच्या तीराकडे मान केली. “माझी लेक तिकडे दिलीय. बागमांडल्याला. इथनं घर दिसत नाही, पण घरामागचा माड दिसतो. बाळंतपणाला तिला रात्री कळा लागल्या. तर बंद. जावयानं म्हाप्रळवरून गाडी फिरवली.”

“मग?”

“मग काय, वेळेत पोचले. नात झाली.” त्यांनी पिन बाजूला ठेवली, स्टोव्ह भुर्रकन पेटला. “पूल होऊ दे. मी जागा बघून ठेवलीय. तो खांब दिसतो ना, त्याच्या वरच्या अंगाला रस्ता येणार, तिथं चिंच आहे. गाड्या चढ चढून दमतील ना? तिथंच टपरी टाकणार. मिसळ पण ठेवीन म्हणतो.” त्यांनी मला बाहेर आणून ती चिंच दाखवली, टेबल कुठं येईल आणि पाण्याची टाकी कुठं ते हातानं मापून सांगितलं, मग विचारलं, “तुमच्या चिपळूणला फरसाण काय भावानं मिळतं हो?”